सव्वीस नंबरात

डोलीवाल्यांना नकार देत तुम्ही दमून इथवर आलात, हे बरं झालं. पहिल्या-दुसऱ्या लेण्यातली चित्रं पाहूनच बहुतेकांचं पोट भरतं. अजिंठ्यात सव्वीस नंबर गाठतात ते चिवट लोक. चपला बाहेर काढा, आत शिरा आणि समोरच्या स्तूपाकडे न जाता डावीकडे वळा. खांबांच्या मागे, भिंतीला लागून, बुद्ध उजव्या कुशीवर निजलेले आहेत. लांबी सुमारे सात मीटर. एका नजरेत मावत नाहीत. डोक्यापासून पायांपर्यंत चालतच पाहावे लागतात.

तसेच चालत राहा, पण आता काळात मागे.

आधी तिकिटं आणि गाइडचे आवाज विरतात. 1819 चा एप्रिल येतो. पलीकडे दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी खांबावर स्वतःचं नाव कोरतोय. (नाव कोरण्याची हौस आपल्याकडचीच नव्हे, एवढं समाधान.) त्याच्याही मागे वटवाघळांची, ओल्या अंधाराची शतकं आहेत; ती भराभर ओलांडा. मग भिंतीवर गिलावा परत चढतो, त्यावर रंग येतो. आपण ज्याला काळा पाषाण म्हणून हळहळून पाहतो, तो रंगवलेला होता. आणखी थोडं मागे गेलात की रंग जातो, गिलावा जातो आणि टाकीचा आवाज सुरू होतो.

पाचव्या शतकाची अखेर. नाकातोंडात बेसॉल्टची पूड. इथे काही रचत, बांधत नाहीत, नुसतं काढून टाकतात. छत आधी, जमीन शेवटी. म्हणजे छतासाठी परांची बांधावी लागत नाही, पायाखालचा दगडच परांचीचं काम करतो. निघालेला राडा खाली वाघोरा नदीच्या दरीत. उडालेली कपची परत चिकटत नाही, म्हणून पाथरवट उशीच्या दबलेल्या कडेपाशी फार हळू हात चालवतोय. दगडाची उशी डोक्याच्या भारानं दबलेली दिसली पाहिजे, हा त्याचा हट्ट! मला या शिल्पात सर्वांत जास्त आवडते ती ही उशी.

वरच्या बाजूला आकाशातले देव तयार आहेत, आनंदात आहेत: बुद्ध निर्वाणाला चालले म्हणून. खाली रडणारे शिष्य अजून दगडातच आहेत. शोक उद्यापासून कोरायचा.

बाहेर भिक्षू बुद्धभद्राच्या वतीनं धर्मदत्त आणि भद्रबंधू देखरेखीला आहेत. हे लेणं बुद्धभद्रानं आपला मित्र, अश्मक राजाचा मंत्री भव्विराज याच्या स्मरणार्थ करवलं. पुण्यात स्वतःच्या आईवडिलांचाही वाटा ठेवला. शिलालेखाचा आशय असा, की जगात आठवण आहे तोवर माणूस स्वर्गात सुखी राहतो, तेव्हा चंद्रसूर्य असेतो टिकेल असं स्मारक डोंगरात करावं. आणि आत कोण निजलंय? जे जे घडलं ते ते नासणार, हे शेवटच्या श्वासाला शिष्यांना बजावणारा! बुद्धभद्राला ही विसंगती दिसली नसेल, असं मला वाटत नाही. मित्रावर जीव असलेला माणूस तत्त्वज्ञान जाणतो आणि तरीही दगड निवडतो.

इथे खपणाऱ्या या लोकांना एक गोष्ट सांगावीशी वाटेल: वाकाटक राजा हरिषेण गेला की थोड्याच वर्षांत या डोंगरातला कामाचा ओघ आटेल, शेजारचं चोविसावं लेणं अर्धवट खांबांसकट तसंच राहील. सांगू नका. पाथरवटाला आज उशी पुरी करायची आहे, आणि तुम्ही नेमके दाराकडून येणाऱ्या उजेडात उभे आहात. तो मान वर न करता हातानंच खूण करतो: बाजूला व्हा.