मद्यपानामुळे 'एआरटी'त खंड. मोजक्या मिनिटांच्या समुपदेशनाचा आधार

कोल्हापूर - दारू आणि औषध एकत्र पोटात गेले, की त्याचे विष होते, ही समजूत घरोघरी आढळते. एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या बाबतीत मात्र ही सावधगिरीच अंगलट येते. संध्याकाळी दोन पेग घेतलेला माणूस 'आज गोळी नको' असे ठरवून झोपी जातो. दारूचा अपाय व्हायचा तो होतोच, शिवाय विषाणूला रोखणारे औषधही त्या रात्री शरीरात जात नाही.

वस्तुस्थिती अशी, की सध्या बहुतेकांना दिल्या जाणाऱ्या एआरटी औषधांची दारूशी थेट घातक प्रक्रिया होत नाही. दारू यकृताला इजा करते, विस्मरण घडवते, जेवणाखाण्याची शिस्त मोडते. म्हणून ती कमी करणे वा सोडणे केव्हाही हिताचे. पण ज्या दिवशी ती घेतली गेली, त्या दिवशीही गोळी चुकवायची नाही, हे एआरटी केंद्रातील समुपदेशनात सर्वांत आधी सांगावे लागते. ते ऐकून रुग्ण चकित होतात. डॉक्टरांनी दारूला मोकळीक दिली, असा त्याचा अर्थ काढला जाऊ नये, एवढी काळजी मात्र समुपदेशकाने घ्यावी.

महाराष्ट्रासह सहा राज्ये आणि दिल्ली येथे १ एप्रिल २००४ पासून केंद्र सरकारने मोफत एआरटी सुरू केली. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या 'सीपीआर'मध्ये, असे केंद्र आहे. औषधातील सातत्य किमान ९५ टक्के असावे, असा दंडक या कार्यक्रमात पाळला जातो. त्याचा हिशेब रोज एक गोळी घेणाऱ्याने करून पाहण्याजोगा आहे. महिन्याच्या तीस गोळ्यांपैकी एक चुकली तर सातत्य सुमारे ९७ टक्के राहते. दोन चुकल्या की ते ९३ वर येते. फक्त शनिवारी रात्री पिणारा आणि त्या रात्री गोळी टाळणारा माणूस महिन्याला चार गोळ्या गमावतो, म्हणजे ८७ टक्के. तो स्वतःला दारुडा समजत नाही, घरचेही समजत नाहीत. पण वारंवार खंड पडत गेला, की विषाणू औषधाला दाद देईनासा होण्याचा धोका वाढतो. उलट रक्तातील विषाणूचे प्रमाण तपासणीत न सापडण्याइतके कमी राहिले, तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. त्यामुळे चुकलेल्या गोळीचा संबंध एकट्या रुग्णापुरता उरत नाही.

पूर्वीच्या उपचारांत एफाविरेन्झ हे औषध असे. त्याने गरगरते म्हणून ती गोळी झोपताना घेण्यास सांगत. नेमकी तीच वेळ पिण्याची. २०२० पासून टप्प्याटप्प्याने डोल्युटेग्राव्हिर असलेली गोळी देण्यात येऊ लागली. ती दिवसा केव्हाही, पण रोज ठरल्या वेळी घेता येते. त्यामुळे संध्याकाळी पिणाऱ्याने डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ सकाळच्या चहाबरोबर बांधून घेणे, हा साधा उपाय आता हाताशी आहे.

संक्षिप्त समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची चाचणी घेतात. तिचे गुण शून्य ते चाळीस असतात. आठ वा अधिक गुण धोक्याच्या मद्यपानाकडे बोट दाखवतात, तर वीस वा त्याहून अधिक गुण असल्यास व्यसनाधीनतेची शक्यता धरून तज्ज्ञांकडे पाठवले जाते. मग प्रमाण मोजले जाते. तीस मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे दहा ग्रॅम अल्कोहोल असते. म्हणजे एका क्वार्टरमध्ये साठ ग्रॅम. 'फक्त एक क्वार्टर' म्हणणाऱ्याला हा आकडा बोलका वाटतो. त्यानंतर गोळ्या कोणत्या दिवशी चुकल्या, त्या दिवशी काय घडले, हे रुग्णाकडूनच काढून घेऊन पुढच्या भेटीपर्यंत जमेल असा एकच बदल ठरवला जातो.

कोल्हापुरात हे बोलणे रस्सामंडळापाशी येऊन थांबते. तांबड्या-पांढऱ्याच्या बैठकीत ग्लास नाकारला, की 'कसली औषधे चालू आहेत?' हा प्रश्न ठरलेला. त्याच्या धास्तीने ग्लास उचलला जातो. बैठकीत काय सांगायचे, याचे उत्तर आधीच तयार ठेवणे हाही समुपदेशनाचाच भाग आहे. पित्ताचा त्रास किंवा पहाटेची पाळी, यांपैकी कोणतेही कारण पुरते. समुपदेशकाने दरडावले तर पुढच्या वेळी रुग्ण गोळ्यांची संख्या जुळवून आणतो आणि खरे बोलत नाही. प्रकृती स्थिर असलेल्यांना आता तीन महिन्यांची औषधे एकदम मिळतात. त्यामुळे अशी भेटही क्वचितच घडते.

अशा समुपदेशनाची मर्यादा गोव्यातील प्रयोगात दिसते. 'संगत' संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक मद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांवर हा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. हे रुग्ण एचआयव्हीचे नव्हते. प्रशिक्षण दिलेल्या, पण डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार भेटी दिल्या. तीन महिन्यांनंतर आधीच्या पंधरवड्यात दारूला न शिवलेल्यांचे प्रमाण समुपदेशन मिळालेल्या गटात ४२ टक्के, तर इतरांत १८ टक्के होते. जे पीतच राहिले, त्यांचे प्रमाण मात्र कमी झाल्याचे दिसले नाही. मुंबई परिसरातील पाच एआरटी केंद्रांतही दारू पिणाऱ्या ९४० पुरुषांसाठी वैयक्तिक समुपदेशन, गटचर्चा आणि सामुदायिक प्रयत्न यांची आळीपाळीने चाचणी झाली आहे.

रोज सकाळी हात थरथरणाऱ्याने मात्र स्वतःच्या मनाने दारू एकदम बंद करू नये. अशा वेळी फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. त्याला मानसोपचार विभागातील उपचारांची गरज असते. क्षयाची औषधे घेणाऱ्यांनीही दारूची माहिती डॉक्टरांपासून लपवू नये, कारण त्यांतील काही औषधांचा भार यकृतावरच पडतो. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार, कायद्यातील मोजके अपवाद वगळता, रुग्णाच्या संमतीवाचून त्याची एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही. एआरटी केंद्रात जाण्याआधी कोणाशी बोलावेसे वाटल्यास १०९७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक निःशुल्क आहे.