पायाचा फोड आणि सुती मोजा

७ जुलै २०२५ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या पापळहून, म्हणजे पंजाबराव देशमुखांच्या जन्मगावाहून, बच्चू कडूंची पदयात्रा निघाली. मागणी होती सातबारा कोरा करा. मुक्काम गाठायचा होता आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणला. १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि मुलांसह जीवन संपवणारे शेतकरी साहेबराव करपे याच गावचे. अंतर १३८ किलोमीटर, तेही भर पावसाळ्यात.

पदयात्रांच्या इतिहासात तारखा असतात, मागण्या असतात, भाषणं असतात. पाय क्वचितच असतात. मार्च २०१८ मध्ये मात्र ते दिसले. नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत आलेल्या शेतकऱ्यांच्या सोललेल्या तळव्यांचे फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरले. मीही फॉरवर्ड केले. कुणी त्या फोडांना निष्ठा म्हटलं, कुणी हिंमत. फोड टाळता आले असते का, हे तेव्हा माझ्याही मनात आलं नाही.

पण तो प्रश्न जुना आहे. पायाला फोड आलेला सैनिक चालू शकत नाही, म्हणून सैन्यांना त्याची चिंता कायमचीच. प्रयोगशाळेत तो नीट तपासला गेला गेल्या शतकात. १९५५ मध्ये ब्रिटनमधल्या नेलर यांनी त्वचा घासून फोड आणून पाहिले. त्यांना दिसलं की अगदी कोरड्या किंवा पूर्ण ओल्या त्वचेपेक्षा दमट त्वचेवर घर्षण जास्त होतं. घामेजलेला पाय नेमका असाच असतो.

फोड फक्त वरवर घासल्याने येतो असं आपल्याला वाटतं. एक करून बघा. हाताच्या पाठीवर बोट दाबा आणि न घसरवता पुढेमागे हलवा. कातडी बोटाला चिकटून राहते, आतलं हाड मात्र जागेवरच असतं. मधले थर ताणले जातात. चालताना हेच हजारो वेळा होतं. शेवटी कातडीच्या आतला थर फाटतो आणि त्या फटीत पाणी भरतं.

आता आमच्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचा विषय, कापूस. माझ्या पहिल्या ट्रेकला मी अभिमानाने जाड सुती मोजे घालून गेलो आणि दोन्ही टाचांवर फोड घेऊन उतरलो. १९९० मध्ये अमेरिकेतल्या हेरिंग आणि रिची यांनी लांब पल्ल्याच्या धावपटूंवर तुलना केली होती. ॲक्रिलिकच्या मोज्यांपेक्षा सुती मोज्यांत फोड दुप्पट आले आणि आकाराने तिप्पट निघाले, कारण कापूस घाम शोषून धरून ठेवतो. वाचून वाईट वाटलं. पण गोष्ट तिथे संपत नाही. १९९३ मध्ये त्यांनीच वेगळ्या विणीचे, साध्या गादीचे मोजे घेतले, तेव्हा तो फरक दिसला नाही. म्हणजे दोष एकट्या कापसाचा नाही, विणीचाही आहे.

उपाय स्वस्त आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२८ अल्ट्रामॅरेथॉन धावपटूंच्या पायांवर आधीच साधी कागदी सर्जिकल टेप लावली होती. टेप लावलेल्या जागी फोड सुमारे ४० टक्के कमी आले. टेप कोरड्या कातडीवर, सुरकुती न पडू देता लावायची. नवे बूट थेट लांबच्या वाटेवर न्यायचे नाहीत. थांबलं की मोजे बदलायचे, पाय वाळवायचे. सगळ्यात महत्त्वाचं, टाच चुरचुरू लागली की तिथल्या तिथे थांबायचं. फोड तयार व्हायच्या आधीची ती सूचना असते. आपण नेमकं ‘अजून थोडं’ म्हणत पुढे जातो.

अर्थात झिजलेली चप्पल घालून चिखलातून चालणाऱ्याला मोज्यांचे धडे देणं सोपं आहे. म्हणूनच हे काम चालणाऱ्यावर एकट्यावर टाकू नये. वाटेवर चहा, पाणी, केळी देणारे हात भरपूर असतात. त्यांनी सोबत टेपची गुंडाळी आणि कोरडे मोजे ठेवले तरी पुष्कळ.

फोड आला नाही म्हणून मागणी लहान होत नाही. चिलगव्हाणला पोचलेल्या माणसाचं ऐकून घ्यायला त्याचे तळवे सोललेले असण्याची गरज पडू नये.