पद्मिनीचे पंख

पोफळींच्या बागांमधून जाणाऱ्या गुहागरच्या अरुंद रस्त्यास शोभेल अशी मोटार कोणती, असें कोणी विचारल्यास आम्ही पद्मिनीचें नांव घेऊं. तिच्या पाठीमागें किंचित् उचललेले दोन पंख आहेत. त्यांची कुळकथा मौजेची आहे. अमेरिकेंत १९४८ सालीं कॅडिलॅक गाडीस प्रथम पंख फुटले. लॉकहीडच्या एका लढाऊ विमानाच्या शेपटीवरून ते सुचले होते. उपयोग शून्य, डौल मात्र फार! ही हौस इटलींत फियाटपर्यंत पोंचली, तेथें ती आटोपशीर झाली. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत १९६४ पासून हीच गाडी होऊं लागली. १९७४ मध्यें तिला चितोडच्या राणीचें नांव मिळालें. आधीच्या गोल पाठीच्या फियाटला मुंबईकरांनीं 'डुक्कर' म्हटलें होतें, हें ध्यानीं घेतां ही बढती लहान नव्हे.

इटलीनें १९६६ सालीं हा घाट टाकला. परवान्यांच्या राज्यांत मात्र प्रतिस्पर्धीच विरळ, म्हणून आपल्याकडे तो शतक संपेपर्यंत टिकला. आज ज्या रूपाचें कौतुक होतें तें रसिकतेनें नव्हे, टंचाईनें राखलें, असें आमचें मत आहे. आणि गिऱ्हाईकानें त्यापायीं वर्षानुवर्षें वाट पाहिली. मुंबईंतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली.