धक्का आणि स्वार

श्रोतेहो, ज्या गावातून मी आलो त्या गुंजवण्याचे नाव आपणांपैकी गडांची आवड असणाऱ्यांच्या कानांवरून गेलेच असेल. पूर्वीच्या वेल्हे, आताच्या राजगड तालुक्यात, राजगडाच्या उत्तर पायथ्याशी हे गाव आहे. पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने नसरापूरच्या फाट्यापर्यंत यावे, तेथून मार्गासनीस वळून साखर गावावरून आत शिरावे, म्हणजे समोर पद्मावती आणि सुवेळा ह्या दोन माच्या दिसू लागतात. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. पुढे शिक्षकी केली आणि आता निवृत्त आहे. यंत्रविद्येवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुण्यातील नातवाने एक हट्ट धरला, आणि त्या हट्टापायी मला ज्या विषयाचा शोध घ्यावा लागला, तोच आज आपणांपुढे मांडणार आहे.

हट्ट असा की, त्याला डोंगरात चालवावयाची सायकल हवी. तीही पुढच्या फोर्कात आणि मागच्या सांगाड्यात अशा दोन्हीकडे स्प्रिंगा असलेली. पैसे आजोबांनी द्यावयाचे. माझ्या निवृत्तिवेतनातून मी पंचवीस हजारांपर्यंत जाऊ शकत होतो. त्या रकमेत सगळी सायकल स्प्रिंगांवर घ्यावयाची, की साधी घेऊन उरलेल्या पैशांत डोक्याचे, हातांचे व गुडघ्यांचे संरक्षण घ्यावयाचे, हा प्रश्न. नातू पहिल्या पक्षाचा होता. मी दुसऱ्या पक्षाचा का, ते पुढे सांगेन.

प्रथम धक्क्याचाच इतिहास पाहू. आमच्या मावळात चाक फार उशिरा आले. शिवकाळी ह्या दऱ्यांतून मनुष्य पायी जाई, सरदार घोड्यावर जाई, आणि धान्य व मीठ बैलांच्या पाठीवर लादून लमाणांचे तांडे घाट चढत. केळदजवळचा मढे घाट आज पाहिला तरी तेथे गाडी चालत नसणार हे उघड दिसते. गाडीयोग्य रस्ता हीच मुळी नवी गोष्ट. मुंबई-पुण्याच्या बोरघाटातून चाके धावण्याजोगा रस्ता सर जॉन माल्कम ह्यांच्या कारकीर्दीत १८३० साली खुला झाला. त्यापूर्वी बड्या माणसास ज्या वाहनात धक्का कमी बसे ते वाहन म्हणजे पालखी. पालखीचा बांबू वाकविलेला व लवचिक असे, आणि भोई एकमेकांशी पाऊल जुळवून, गुडघे किंचित वाकवून चालत. म्हणजे आज ज्या युक्तीला आपण सस्पेन्शन म्हणतो, ती त्या काळी माणसांच्या खांद्यांनी आणि गुडघ्यांनी पुरविली जात होती. आतल्याला ती आरामाची वाटे. भोयांना काय वाटे, हे कोणत्याही बखरीत मला आढळले नाही.

पुढे बैलगाडी आली. लाकडी आरे, त्यांवर लोखंडी धाव, आणि साठा थेट कण्यावर टेकलेला. धाव दगडावर आपटली की तो आघात साठ्यातून बसणाऱ्याच्या मणक्यात जाई. टांग्याला मात्र पोलादी पाट्यांच्या कमानी असत. म्हणून टांग्यातला प्रवास शहरी मानला जाई. कमान म्हणजे दुसरे काय? दगडाने चाकाला वर फेकले, तर चाकाने एकट्याने वर जावे, बसणाऱ्याने जागच्या जागी राहावे. साऱ्या विषयाचे बीज एवढ्यातच आहे.

युरोपात १८६० नंतरच्या दशकात पायटे लावलेली दुचाकी निघाली, तिला लोकांनी नावच 'हाडे खिळखिळी करणारी' असे दिले. १८८५ साली इंग्लंडात दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. स्टार्ली ह्यांची रोव्हर नावाची सायकल आली, जिचा आकार आजच्या सायकलीतही ओळखू येतो. आणि लिन्ली व बिग्ज ह्यांनी 'व्हिपेट' नावाची, सांगाड्यातच स्प्रिंग असलेली सायकल काढली. तेव्हा माझ्या नातवाने जी नवलाई म्हणून मागितली, ती सुमारे एकशेचाळीस वर्षांची जुनी आहे! परंतु व्हिपेटची सद्दी टिकली नाही. १८८८ साली बेलफास्ट येथील डनलॉप ह्या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी रबरी नळीत हवा भरून टायर केला. ही कल्पना टॉमसन नावाच्या गृहस्थाने १८४५ सालीच नोंदविली होती, त्यामुळे डनलॉपचे पेटंट पुढे रद्दही झाले. पण जगाने टायर घेतला तो डनलॉपकडून. हवेने धक्का गिळला, आणि सायकलीच्या सांगाड्यातील स्प्रिंगा पुढची शंभर वर्षे बहुधा अडगळीत पडल्या. कातडी बैठकीखालच्या दोन स्प्रिंगा तेवढ्या उरल्या.

केवळ हवेच्या जोरावर माणसे कोठवर गेली, ह्याचे आपल्या मुंबईचेच उदाहरण आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांतील अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगारा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये ती पूर्ण करून परतले. वाळवंटे झाली, जंगले झाली, डोंगर झाले; आणि सायकली साध्या, ताठ फोर्कांच्या. नातवाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, त्यांच्याकडे दुसरी नव्हती म्हणून." उत्तर खोटे नव्हते.

डोंगरी सायकलीचा खरा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्नियात झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरिन नावाचा डोंगराळ भाग आहे. तेथील काही तरुण १९३०-४० च्या काळातील जाड टायरांच्या जुनाट सायकली गोळा करून, वणव्याशी लढण्यासाठी काढलेल्या कच्च्या रस्त्यांनी उतारावर सोडू लागले. १९७६ च्या ऑक्टोबरात त्यांनी पहिली शर्यत लावली. सुमारे दोन मैलांत तेराशे फूट उतार! मागच्या चाकाच्या तुंब्यातला ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर होई व नवे भरावे लागे. म्हणून त्या उताराचे नावच 'रिपॅक' पडले. लगेच पुढे जो ब्रीझ ह्याने खास ह्या कामासाठी सांगाडे घडविले, गॅरी फिशर व चार्ली केली ह्यांनी १९७९ मध्ये विक्री सुरू केली, आणि १९८१ मध्ये 'स्टम्पजंपर' नावाची कारखान्यात तयार झालेली सायकल बाजारात आली. ह्या सर्वांचे फोर्क ताठच होते. स्प्रिंग परत आली ती पॉल टर्नर ह्यांच्या हातून. ते मोटारसायकलींच्या जगातले. १९८९ मध्ये त्यांनी 'रॉकशॉक्स' ही कंपनी काढली, आणि १९९० साली कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे झालेल्या पहिल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत उताराची शर्यत त्यांचा फोर्क लावलेल्या सायकलीने जिंकली गेली. त्या फोर्काची चाल जेमतेम दोन इंच होती. १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकात हा खेळ शिरला.

आता फोर्काच्या पोटात काय असते ते पाहू, कारण निवडीची मेख तेथे आहे. एका नळीत स्प्रिंग असते, पोलादी किंवा दाबलेल्या हवेची. दुसऱ्या नळीत तेल असते, आणि ते बारीक छिद्रांतून इकडून तिकडे जाते. स्प्रिंग धक्का झेलते. तेल त्या स्प्रिंगेला आवरते. घरातल्या झोपाळ्याला एक झोका देऊन सोडा, तो कितीतरी वेळ हेलकावत राहतो. नुसती स्प्रिंग तशीच. एका दगडावरचा धक्का ती झेलते खरी, पण उलटून वर फेकते, आणि पुढच्या दगडाच्या वेळी चाक जमिनीवरच नसते. चाक जमिनीवर नाही म्हणजे ब्रेक नाही व वळणही नाही. कचेरीच्या दाराला वर लावलेला नळा पाहा. दार ओढून घेणारी स्प्रिंग असूनही तेलामुळे ते आपटत नाही. चांगला फोर्क तसा असतो. स्वस्त सायकलींत पुष्कळदा हे तेलच नसते. दुकानात हँडल दाबून 'पाहा कशी उसळते' म्हणून जी दाखवितात, ती उसळीच तिचा दोष होय.

दुसरी गोष्ट वजनाची. स्वार बसताच फोर्क आपल्या एकूण चालीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतका दबला पाहिजे, म्हणजे खड्ड्यात चाक खालीही जाऊ शकते. थोराच्या वजनाची पोलादी स्प्रिंग पंधरा वर्षांच्या किडकिडीत मुलाखाली हलतच नाही. हवेच्या फोर्कात पंपाने दाब कमीजास्त करता येतो. पण तो माझ्या रकमेत बसेना. चालीचे माप आमच्या गाडीवाटांना ८० ते १०० मिलिमीटर पुष्कळ झाले. २०० मिलिमीटरचे फोर्क निव्वळ उतारावरच्या शर्यतींचे. मागच्या स्प्रिंगेबद्दल माझे मत स्पष्ट आहे: हलक्या किमतीत ती घेऊ नये. तिने वजन वाढते, आणि चढावर पायट्यावर दिलेला जोर चाकाकडे जाण्याऐवजी सांगाड्याच्या हिंदकळण्यात जातो. नसरापूरहून येणाऱ्या कोणालाही विचारा, आमच्याकडे चढ काही कमी नाहीत.

आता मी दुसऱ्या पक्षाचा का, ते सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी साखरेकडून गावाकडे सायकलीने येत असे. रस्ता तेव्हा खडी आणि मुरमाचा. एका पावसाळी संध्याकाळी, कॅरिअरला वह्यांचा गठ्ठा बांधलेला, पुढचे चाक चाकोरीत शिरले आणि मी हँडलावरून पुढे गेलो. डोक्यावर पांढरी टोपी होती, ती अगोदरच उडाली होती. डावी बाजू दगडावर आदळली. तीन दिवस मला कोण भेटावयास आले ते आठवत नाही, आणि तेव्हापासून डाव्या कानाने मला ऐकू येत नाही. पुढे पंचवीस-तीस वर्षे वर्गात मी मुलांना उजव्या बाजूस उभे राहून प्रश्न विचारावयास सांगे. त्यांना वाटे, गुरुजींची ही शिस्त आहे.

डोके झाकण्याचे महत्त्व आमच्या गडाला नवे नाही. १६५९ साली महाराज राजगडाहून प्रतापगडास गेले. तेथे अफजलखानाच्या भेटीच्या वेळी अंगरख्याखाली चिलखत व पागोट्याखाली पोलादी टोप होता, असे सर यदुनाथ सरकारांनी लिहिले आहे. पोलाद आघात पसरविते. खालचे कापड त्याला मऊ करते. आजच्या हेल्मेटात हे दोन्ही धर्म आहेत, पण मुख्य काम आतल्या पांढऱ्या, ठिसूळ फेसाचे. गणित शाळकरी आहे. दीड मीटर उंचीवरून डोके खाली आले की त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५.४ मीटर होतो. ते उघडे डोके दगडावर तीन मिलिमीटरांत थांबले, तर गुरुत्वाच्या सुमारे पाचशे पट आघात. तोच फेस चिरडत दोन सेंटिमीटरांत थांबले, तर पंचाहत्तर पट. फेस चिरडला जातो म्हणूनच डोके वाचते. आणि एकदा चिरडलेला फेस पुन्हा फुगत नाही, म्हणून पडलेले हेल्मेट वरून कितीही साजरे दिसो, ते टाकून द्यावे. अशा फेसाचे सायकलीचे हेल्मेट अमेरिकेत १९७५ साली निघाले. तरी व्यावसायिक स्वारांनी ते कित्येक वर्षे नाकारले. २००३ च्या मार्चमध्ये पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किव्हिलेव्ह पडून मरण पावला, तेव्हा कोठे जागतिक संघाने सक्ती केली.

घेताना आत 'ईएन १०७८' किंवा 'सीपीएससी' हा शिक्का पाहावा. मोटारसायकलीचे हेल्मेट सायकलीस वापरू नये. ते जड असते, त्यात वारा खेळत नाही, आणि मुले ते चढावर काढून हँडलाला अडकवितात. हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटे बसावे. पट्ट्याखाली एक बोट जावे, मूठ नव्हे. त्यानंतर हातमोजे, कारण पडताना तळहात सर्वांआधी पुढे जातो. मग गुडघ्यांचे पॅड. कोपरांचे मी शेवटी ठेवले, आणि पैसे संपल्यामुळे ते राहिलेच.

अखेर ठरले ते असे. फक्त पुढे, तेलाचा, १०० मिलिमीटरचा फोर्क असलेली सायकल. मागचा सांगाडा ताठ. टायर रुंद, कारण डनलॉपची हवा अजूनही सर्वांत स्वस्त स्प्रिंग आहे. नातू दोन दिवस रुसला. आमच्याकडच्या पावसाळी चिखलात फोर्काच्या नळ्यांवर बसलेली माती प्रत्येक फेरीनंतर फडक्याने पुसावयाची, नाहीतर ती आत जाऊन रबरी कडी कातरते, एवढी अट मी घातली आणि ती त्याने पाळली आहे.

गेल्या दिवाळीत तो नसरापूरहून प्रथमच एकटा आमच्या घरी सायकलीने आला. साखरेच्या अलीकडे एकदा पडलाही होता. हातमोज्याचा तळवा फाटला होता, हात शाबूत. सायकल गडावर चढविता येईल का, असे त्याने विचारले. मी नाही म्हणालो. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा दुर्गांत राजगड आहे, आणि त्याच्या पायऱ्यांवर टायर घासावयाचे नाहीत. मग त्याने सायकल आमच्या पडवीत लावली, आणि चोरदरवाजाच्या वाटेने तो पायीच वर गेला.