अटकेआधीचा जामीन : वढू बुद्रुक, कनेरसर आणि अमली पदार्थांचे कलम ३७

‘जामीन’ हा शब्द मराठीत इंग्रजी न्यायालयांच्या पुष्कळ आधी रुळला होता. पेशवेकालीन कागदांत हाजिर जामीन भेटतो, माल जामीनही भेटतो. पहिला माणूस हजर राहील याची हमी घेई, दुसरा पैशाची. भयाने परागंदा झालेल्याला परत बोलवायचे असेल तर सरकार कौल किंवा अभयपत्र देई. आजच्या अटकपूर्व जामिनाचे मूळ या कौलात आहे असे कोणी म्हणू नये, कायद्याची वंशावळ निराळी आहे. गरज मात्र तीच: बेड्या पडण्याआधी माणसाला समोर येता यावे.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत अशी तरतूद नव्हती. असा अधिकार न्यायालयाला आहे की नाही, यावर उच्च न्यायालयांत मतभेद होते. १९६९ मध्ये विधी आयोगाने आपल्या ४१ व्या अहवालात तो स्पष्टपणे देण्याची शिफारस केली. कारण रोखठोक होते. वजनदार माणसे प्रतिस्पर्ध्यांना खोट्या गुन्ह्यांत गुंतवतात. चार दिवस कोठडीत काढायला लावले की बदनामीचे काम होते. गावकीचे राजकारण पाहिलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. १९७३ ची नवी संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली आणि कलम ४३८ अवतरले.

त्या कलमाला खरा अर्थ दिला तो पुण्यात जन्मलेल्या एका मराठी न्यायाधीशाने. खेड तालुक्यातील कनेरसर हे चंद्रचूड घराण्याचे गाव. त्याच घराण्यातील यशवंत विष्णू चंद्रचूड सरन्यायाधीश असताना, ९ एप्रिल १९८० रोजी, पाच न्यायाधीशांच्या पीठाचा ‘गुरबक्षसिंग सिब्बिया’ निकाल त्यांनी लिहिला. सिब्बिया हे पंजाबचे माजी मंत्री. तेथील उच्च न्यायालयाने कलम ४३८ भोवती स्वतःच्या अटींचे कुंपण घातले होते. ते सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकले. संसदेने न घातलेल्या अटी न्यायालयाने घालू नयेत. गुन्हा नोंदलेला नसला तरी अर्ज करता येतो. मात्र भीतीला काही सबळ आधार हवा, आणि सर्व गुन्ह्यांपासून सरसकट संरक्षण मिळणार नाही. माझ्या मते व्यक्तिस्वातंत्र्यावरील आपल्या उत्तम निकालांत याची गणना व्हावी.

परंतु संसद स्वतःच दार बंद करू लागली तर? येथे आपण शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुकला येतो. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीचे हे गाव. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस येथे गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळील फलकावरून वाद पेटला, आणि १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार झाला. पुढे परस्परविरोधी बाजूंची माणसे एकाच दारात उभी राहिली. मिलिंद एकबोटे यांच्यावरील गुन्ह्यात अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे होती. त्या कायद्याचे कलम १८ अटकपूर्व जामिनाला मज्जाव करते. १४ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला आणि त्याच दिवशी त्यांना अटक झाली. एल्गार परिषद प्रकरणात आनंद तेलतुंबडे यांच्यासमोर बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याचे कलम ४३ड(४) होते. त्यांचा अर्ज १६ मार्च २०२० रोजी फेटाळला गेला आणि १४ एप्रिलला ते शरण गेले. आरोप कोणाचे खरे, हा येथे प्रश्न नाही. दोन्ही कायद्यांत दार बंद असल्याचे संसदेने अक्षरशः लिहिलेले आहे, एवढेच ध्यानात ठेवावे.

अमली पदार्थांच्या कायद्यात तसे लिहिलेले नाही, आणि गुंतागुंत तेथूनच सुरू होते.

हा कायदा १४ नोव्हेंबर १९८५ रोजी लागू झाला. कलम ३७ ला आजचे कठोर रूप १९८९ च्या दुरुस्तीने दिले. लहान प्रमाण आणि व्यापारी प्रमाण हा भेद २००१ मध्ये आला. व्यापारी प्रमाण असेल तर शिक्षा १० ते २० वर्षे. अशा प्रकरणात सरकारी वकिलाने जामिनाला विरोध केला, तर आरोपी दोषी नाही आणि तो जामिनावर असताना गुन्हा करणार नाही, असे मानण्यास वाजवी कारण आहे, याची न्यायालयाला खात्री पटावी लागते. शेजारच्या दौंड तालुक्यात, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत, फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी शेकडो किलो मेफेड्रोन पकडले. मेफेड्रोनचे व्यापारी प्रमाण किती? ५० ग्रॅम.

आता अटकपूर्व अर्ज करणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याच्याकडे बहुधा काही सापडलेले नसते. पकडलेल्या दुसऱ्याने त्याचे नाव घेतलेले असते. तपास पुरता सुरूही झालेला नसताना आपण दोषी नाही हे त्याने दाखवायचे! ‘तोफानसिंग’ निकालाने २०२० मध्ये ठरवले की तपास अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून वापरता येणार नाही. मग सुटका सोपी व्हावी, असे वाटेल. परंतु २०२२ मध्ये हरियाणाच्या ‘समर्थ कुमार’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तो लाभ नियमित जामिनाच्या वा अंतिम सुनावणीच्या वेळी मागावा, अटकेआधी नव्हे. सप्टेंबर २०२४ मध्ये अमरावतीचे न्या. भूषण गवई यांच्या पीठाने पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात अशा जामिनांविषयी गंभीर चिंता व्यक्त केली.

माझे मत थोडे वेगळे आहे. कुरकुंभसारखे साठे पाहिले की कठोरपणाचे कारण पटते. पण विधी आयोगाला ज्या खोट्या गुंतवणुकीची धास्ती होती, ती नुसत्या नाव घेण्यावर उभ्या असलेल्या प्रकरणातच सर्वाधिक संभवते. उत्तर प्रदेशाने आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, अटकपूर्व जामीनच रद्द केला होता; २०१९ मध्ये तो परत आणताना अमली पदार्थांचे गुन्हे स्पष्टपणे वगळले. महाराष्ट्राने १९९३ च्या आपल्या दुरुस्तीत अटी वाढवल्या, पण अमली पदार्थांच्या गुन्ह्यांना असा मज्जाव केला नाही. १ जुलै २०२४ पासून कलम ४३८ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ ने घेतली आहे, आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचे नाव त्यातही नाही. कुरकुंभसारख्या प्रकरणात नाव आलेला माणूस आजही अर्ज करू शकतो. त्यावर निर्णय देणाऱ्या न्यायाधीशासमोर एका बाजूला सिब्बिया असतो आणि दुसऱ्या बाजूला कलम ३७.