एसयूव्हीचे टायर बदलायचेत? दुकानात जाण्याआधी टायरच्या बाजूला काय लिहिलंय ते वाचून घ्या

गाडी घेताना आपण सगळं बघतो. सनरूफ आहे का, स्क्रीन केवढी, एअरबॅग किती, मायलेज किती. टायर मात्र कुणी बघत नाही, कारण ते गाडीसोबत आलेलेच असतात. टायरशी आपली खरी ओळख होते ती तीन-चार वर्षांनी. सर्व्हिस सेंटरवाला सांगतो, "साहेब, टायर गेलेत, पावसाळ्याआधी बदलून घ्या." मग दुकानात गेलं की समोर आठ-दहा ब्रँड, प्रत्येकाचे चार-पाच पॅटर्न आणि दुकानदाराचा एकच प्रश्न, "बजेट किती आहे?"

त्यात गाडी स्पोर्टी एसयूव्ही असेल तर गोष्ट अजून अवघड. ह्युंदाई क्रेटा एन लाइन किंवा किया सेल्टोस एक्स-लाइन या गाड्यांना १८ इंची अलॉय येतात. शोरूममध्ये ते भारी दिसतात. पण टायर बदलायची वेळ आली की कळतं, या साइजमध्ये पर्याय कमी आहेत आणि भाव जास्त आहेत. मग कुणी म्हणतं जरा रुंद टाक, कुणी म्हणतं ऑफ-रोडवाले टाक, लूक येतो.

यातलं काय ऐकायचं आणि काय सोडून द्यायचं, ते बघूया.

आधी कोर्टात काय झालं ते बघा

२०१० मध्ये पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या एका कारचा टायर फुटला आणि अपघातात एका प्रवाशाचा जीव गेला. विमा कंपनीचं म्हणणं होतं, टायर फुटणं ही दैवी आपत्ती आहे, त्यात कुणाचा दोष नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. २०२३ मध्ये न्यायालयाने हे म्हणणं फेटाळलं. टायर फुटणं म्हणजे देवाची करणी नाही, तो माणसाचा निष्काळजीपणा आहे, असं न्यायालयाने सांगितलं. जास्त वेग, कमी किंवा जास्त हवा, जुने वापरलेले टायर, तापमान अशी कारणं त्यामागे असतात आणि प्रवासाला निघण्याआधी टायर बघणं हे चालकाचं किंवा मालकाचं काम आहे.

म्हणजे "काय करणार, टायरच फुटला" हे आता उत्तर होऊ शकत नाही. समृद्धी महामार्गावर कारला १२० किमीची वेगमर्यादा आहे. तिथे गुळगुळीत झालेल्या टायरवर तासन् तास गाडी पळवणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

टायर संपला हे कसं ओळखायचं?

टायरच्या खाचांमध्ये नीट बघितलं तर तळाशी छोटे आडवे उंचवटे दिसतात. बाजूला टीडब्ल्यूआय असं लिहिलेलं किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या रेषेत शोधा. टायर घासत घासत त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आला की खाच १.६ मिमी उरलेली असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार कारसाठी ही शेवटची मर्यादा आहे.

पण कायद्याची मर्यादा म्हणजे सुरक्षिततेची खात्री नव्हे. खाचांचं काम टायरखालचं पाणी बाहेर फेकण्याचं असतं. नव्या टायरची खाच साधारण ७-८ मिमी खोल असते. ती ३ मिमीच्या खाली गेली की ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला जास्त अंतर लागायला लागतं, आणि साचलेल्या पाण्यातून वेगाने जाताना टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगण्याची शक्यता वाढते. त्या क्षणी स्टीअरिंग फिरवून काही होत नाही. कोकणात किंवा घाटमाथ्यावर गाडी चालवत असाल तर मे महिन्यातच खाचा मोजा आणि ३ मिमीच्या आसपास असतील तर १.६ ची वाट बघू नका.

बाजूला फुगा आला असेल, चिरा पडल्या असतील किंवा आतल्या तारा दिसत असतील तर खाच कितीही खोल असो, तो टायर गेला. फुगा बहुतेक वेळा खड्ड्यात चाक आपटून आतले धागे तुटल्यामुळे येतो. तो दुरुस्त होत नाही.

बाजूला लिहिलेला तो आकडा

क्रेटा एन लाइनच्या टायरवर २१५/५५ आर १८ असं लिहिलेलं असतं. २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ५५ टक्के. आर म्हणजे रेडियल आणि १८ म्हणजे रिमचा व्यास इंचात.

आता थोडं गणित. साध्या क्रेटाच्या वरच्या व्हेरिएंटला २१५/६० आर १७ टायर येतो. त्याची भिंत १२९ मिमी उंच. एन लाइनच्या १८ इंची टायरची भिंत ११८ मिमी. पूर्ण चाकाचा व्यास दोन्हीकडे जवळजवळ सारखाच, ६९० आणि ६९४ मिमी. म्हणजे रिम एक इंच मोठी झाली, पण चाक मोठं झालं नाही. रिम आणि रस्ता यांच्यामधलं रबर ११ मिमीने कमी झालं, एवढंच.

स्पोर्टी टायरचं सगळं गुपित याच ११ मिमीत आहे. भिंत बुटकी असल्यामुळे ती वळणावर कमी वाकते, स्टीअरिंग फिरवलं की गाडी लगेच वळते. पण खड्डा आला की धक्का झेलायला रबर कमी. म्हणून अशा गाड्यांमध्ये फुगा येणं, अलॉय वाकणं हे जास्त बघायला मिळतं. शहरातल्या खड्ड्यांना कंटाळला असाल, तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिएंटला कंपनी १७ इंची चाक देते का, ते मॅन्युअलमध्ये बघा आणि ती रिम तुमच्या गाडीच्या ब्रेकवर बसते का, हे सर्व्हिस सेंटरला विचारा. रिम-टायरचा पूर्ण सेट बदलायचा खर्च मोठा आहे, पण पुढच्या प्रत्येक टायरला तो थोडा थोडा वसूल होतो.

उलट दिशेचा प्रयोग मात्र टाळा. समजा २१५/६० आर १७ च्या जागी कुणी हॅरियर किंवा एक्सयूव्ही ७०० ला येणारा २३५/६५ आर १७ बसवला. रिम तीच, १७ इंची. पण चाकाचा व्यास ६९० वरून ७३७ मिमी होतो, जवळपास ७ टक्के जास्त. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०७ च्या आसपास पळत असेल. टायर पूर्ण वळणावर आतल्या प्लास्टिकला घासेल, पिकअप आणि मायलेज पडेल, आणि विम्याचा क्लेम करायची वेळ आली तर कंपनीने मान्य न केलेल्या साइजवरून वाद होऊ शकतो तो वेगळाच.

साइजच्या पुढे अजून एक आकडा आणि अक्षर असतं, उदाहरणार्थ ९५ एच. ९५ म्हणजे एक टायर ६९० किलो भार उचलू शकतो. एच म्हणजे २१० किमी वेगापर्यंत चालणारा, व्ही म्हणजे २४०, टी म्हणजे १९०. "मी कुठे २०० ने चालवतो?" असं म्हणून लोक खालच्या अक्षराचा टायर घेतात. पण हे अक्षर टायर किती उष्णता सहन करतो याचंही माप आहे. गाडीसोबत जो भाराचा आकडा आणि वेगाचं अक्षर आलं, त्याच्या खाली जायचं नाही. वर गेलात तर चालतं. इलेक्ट्रिक एसयूव्ही असेल तर भाराचा आकडा दोनदा तपासा, बॅटरीमुळे या गाड्या पेट्रोलवाल्या भावंडांपेक्षा बऱ्याच जड असतात.

एचटी, एटी की स्पोर्ट?

एचटी म्हणजे हायवे टायर. डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्यासाठी, आवाज कमी, मायलेज बरं. एटी म्हणजे ऑल-टेरेन, मोठे ठोकळे असलेला. थारला शोभतो आणि कामालाही येतो. आठवड्यातून दोनदा शेतावर किंवा कच्च्या रस्त्याने जाणं असेल तर एटी घ्या. पण फक्त लूकसाठी घेत असाल तर केबिनमध्ये घोंगावणारा आवाज, जास्त इंधन आणि ओल्या डांबरावर साधारणपणे कमी पकड, हे तिन्ही सोबत येतात. एमटी, म्हणजे चिखलाचे टायर, हा आपला विषयच नाही.

तिसरा प्रकार स्पोर्ट टायर. मिशलिन पायलट स्पोर्ट ४ एसयूव्ही किंवा सिएट स्पोर्टड्राइव्ह एसयूव्ही या नावांतच ते कळतं. रबर पकडीसाठी बनवलेलं असतं, त्यामुळे वळणावर आणि ब्रेकिंगला भरवसा वाटतो. किंमत जास्त, आणि मऊ रबर लवकर झिजतं. घाटात, एक्सप्रेसवेवर गाडी खरंच दाबून चालवत असाल तर पैसे वसूल. ऑफिस-घर-ऑफिस असेल तर चांगला एचटी पुरे, आणि माझ्या मते बहुतेक स्पोर्टी एसयूव्हीवाल्यांचं खरं वापराचं गणित हेच असतं.

कुठलाही घेतलात तरी एक प्रश्न विचाराच: ओल्यात कसा आहे? आपल्याकडे चार महिने पाऊस आणि चारच तळहाताएवढे ठिपके, ज्यांवर गाडी उभी असते. काही टायरवर ट्रॅक्शन असं लिहून एए, ए, बी किंवा सी असं अक्षर असतं. ते ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक लावल्यावरच्या पकडीचं माप आहे. एए सर्वात चांगलं. शेजारी ट्रेडवेअर ३०० किंवा ४०० असा आकडा असतो, जास्त म्हणजे जास्त टिकणारा. पण हा आकडा कंपनी स्वतः देते, त्यामुळे एका ब्रँडची दुसऱ्याशी तुलना त्यावरून करू नका.

नवे टायर ओल्यातली पकड, घर्षणरोध आणि आवाज या तीन कसोट्यांवर तपासण्याचे नियम आपल्याकडे २०२२ मध्ये आले. शिवाय ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं स्टार लेबलही टायरला मिळतं, फ्रिज-एसीसारखं. मात्र ते स्टार प्रामुख्याने इंधन बचतीचे आहेत. पाच स्टार म्हणजे ब्रेकिंगमध्येही पहिला नंबर, असं समजू नका.

दुकानात गेल्यावर

पहिलं काम, तारीख बघा. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. १४२५ असेल तर टायर २०२५ सालच्या १४ व्या आठवड्यात बनला. ही ओळ कधीकधी टायरच्या एकाच बाजूला पूर्ण असते, त्यामुळे बसवण्याआधीच बघा. दीड-दोन वर्षं गोदामात पडलेला टायर "नवाच आहे" म्हणून पूर्ण भावात घेण्याचं कारण नाही. चारही टायरच्या तारखा जवळपासच्या आहेत का, तेही बघा. आयएसआय चिन्ह हवंच.

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिलात तो किती लावलाय ते वाचा. बिल घेत नसाल तर वॉरंटी विसरा.

दोनच टायर बदलायचे असतील तर? इथे बहुतेक जण चुकतात. नवे टायर पुढे टाकावेत असं वाटतं, कारण स्टीअरिंग पुढे, आणि आपल्याकडच्या बऱ्याच एसयूव्हीत इंजिनाची ताकदही पुढच्या चाकांना. पण टायर कंपन्या नवे टायर मागे टाकायला सांगतात. ओल्या वळणावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, आपण वेग कमी करून सावरू शकतो. मागची घसरली तर गाडी गोल फिरते. ते सावरणं कसलेल्या ड्रायव्हरलाही जड जातं. गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह असेल तर मात्र चारही एकत्र बदला, चाकांच्या व्यासात फरक पडला की ड्राइव्ह सिस्टिमवर ताण येतो.

टायरवर बाण असेल तर तो फिरण्याची दिशा दाखवतो. आउटसाइड असं लिहिलं असेल तर ती बाजू बाहेर यायला हवी. मुलगा चाक बसवत असताना उभं राहून हे बघा, घाईच्या वेळी उलटं बसतं. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट दोन्ही करा, व्हॉल्व्ह नवे टाका.

हवा किती भरायची? ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे, त्यावर लिहिलंय तेवढी, आणि टायर थंड असताना. टायरच्या बाजूला लिहिलेला हवेचा आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, भरायचा नाही. "उन्हाळ्यात हवा जरा कमी ठेव" हा सल्ला तर उलटाच आहे. हवा कमी असली की भिंत जास्त वाकते, जास्त तापते, आणि तापलेला टायरच फुटतो. नायट्रोजन फुकट मिळत असेल तर भरा. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

शेवटचं, स्टेपनी. बऱ्याच एसयूव्हीत ती लहान साइजची, साध्या लोखंडी रिमवर असते आणि तिच्यावर वेगमर्यादेचा स्टिकर असतो. चार नवे टायर टाकून निघताना डिकी उघडून तिची हवा तपासून घ्या, तिच्यावरची तारीखही वाचा. न वापरलेली स्टेपनीही वयाने म्हातारी होते. गाडीत स्टेपनीच नसेल तर पंक्चर किटमधल्या बाटलीवर एक्सपायरी लिहिलेली असते, ती बघा.