फोटोस्टेट आणि झेरॉक्स

स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी ओल्ड राजेंद्रनगर किंवा मुखर्जीनगर येथे राहणारे मराठी विद्यार्थी ज्याला 'झेरॉक्स' म्हणतात, त्याला दिल्लीकर बहुधा 'फोटोस्टेट' म्हणतात. ही दोन्ही मुळात व्यापारचिन्हे, म्हणजे एकाच उत्पादकाच्या मालाची ओळख म्हणून राखलेली नावे. आणि दोहोंचा व्यवसाय अमेरिकेतील रॉचेस्टर या एकाच शहरात वाढला, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी आलेले फोटोस्टॅट यंत्र म्हणजे एक अवजड कॅमेराच होता: मूळ कागदाचे छायाचित्र थेट प्रकाशसंवेदी कागदाच्या गुंडाळीवर घेतले जाई, आणि काळ्यावर पांढरी अक्षरे उमटलेल्या त्या प्रतीचे पुन्हा छायाचित्र घेतले म्हणजे पांढऱ्यावर काळी अक्षरे मिळत. चेस्टर कार्लसन याने १९३८ साली सिद्ध केलेल्या पद्धतीत द्रवरूप रसायनांना स्थानच नव्हते. स्थिर विद्युतभाराने कोरडी भुकटी कागदावर ओढून ती उष्णतेने पक्की केली जाते. या तत्त्वावरचे झेरॉक्स ९१४ हे यंत्र १९५९ साली आले, तेव्हा फोटोस्टॅट मागे पडले, परंतु उत्तर भारतात त्याचे नाव नव्या यंत्राला चिकटून राहिले.

वास्तविक दिल्लीत झेरॉक्सचे पारडे जड ठरावयास हवे होते. गूजरमल मोदी यांनी १९३३ साली दिल्लीलगत वसविलेल्या मोदीनगरच्या उद्योगघराण्यानेच रँक झेरॉक्सशी भागीदारी करून १९८३ साली 'मोदी झेरॉक्स' ही कंपनी काढली आणि रामपूर येथे कारखाना उभारला. मात्र कचेऱ्या व न्यायालये यांच्या भाषेत 'फोटोस्टॅट प्रत' आधीच रुळली होती; आणि अर्जासोबत जोडावयाच्या कागदाचे नाव अर्जदार ठरवीत नसतो. जाहिरातीपेक्षा हीच सवय बलवत्तर ठरली असावी.

व्यापारचिन्ह वस्तूचे सामान्य नाव बनले, की त्यावरील कंपनीचा हक्क धोक्यात येतो. 'झेरॉक्स'ची नोंदणी याच कारणासाठी रद्द करण्याची मागणी बौद्धिक संपदा अपील मंडळाने २०१२ साली फेटाळली. त्याच वर्षी ऑक्सफर्ड, केंब्रिज व टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी पुस्तकांतील उताऱ्यांच्या छायाप्रतींच्या संचांवरून दिल्ली विद्यापीठ आणि तेथील एक दुकान यांच्यावर दावा लावला. त्या दुकानाने दोन्ही व्यापारी नावे टाळून 'रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस' असे नाव घेतले होते. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने दावा फेटाळला, आणि अपिलात त्यातील काही मुद्दे पुन्हा खुले झाले असतानाही २०१७ साली प्रकाशकांनी तो मागे घेतला.